प्रश्न वाचकांचे: भरावाची डेन्सिटी, सहा खड्डे आणि एक निकाल

या अंकासाठी आलेल्या पत्रांत मातीच्या जागेवरच्या चाचण्यांचे प्रश्न जास्त होते. खड्डा कसा घ्यायचा हे बहुतेकांना नीट ठाऊक आहे. अडते ते आकडे हाती आल्यावर, निकाल देताना. म्हणून यावेळचे सदर सगळे त्यालाच दिले आहे.

महामार्गाच्या भरावाच्या एका थरावर सहा सँड रिप्लेसमेंट चाचण्या (खड्डा खणून, त्यात वाळू ओतून जागेवरची घनता मोजायची) घेतल्या. प्रयोगशाळेतल्या कमाल कोरड्या घनतेच्या ९५ टक्के दबाई हवी होती. पाच ठिकाणी मिळाली, एका ठिकाणी ९४.६ आली. कंत्राटदार म्हणतो सरासरी ९६ आहे, थर मंजूर करा. सल्लागाराचे म्हणणे, एक नापास म्हणजे थर नापास. कोणाचे धरायचे?
– शाखा अभियंता, सोलापूर जिल्हा

दोघांचेही नाही. रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या विनिर्देशांत, म्हणजे आपण ज्याला ‘मोर्थ’ म्हणतो त्यात, याचा निकाल कलम ९०३ मध्ये दिलेला आहे. कोणत्याही एका चाचणीवर निर्णय घ्यायचा नाही. संचाची सरासरी घ्यायची, आणि ती नुसती ९५ च्या वर असून भागत नाही. ती ९५ अधिक (१.६५ वजा १.६५ भागिले नमुनासंख्येचे वर्गमूळ) गुणिले प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती विखुरले त्याचे माप), एवढी तरी असली पाहिजे.

आपण पाठवलेले आकडे असे: ९६.८, ९५.४, ९७.१, ९४.६, ९६.२, ९५.९. सरासरी ९६.०. प्रत्येक आकड्याचा सरासरीपासूनचा फरक काढून वर्ग केले तर बेरीज ४.२२ येते. तिला ५ ने भागून वर्गमूळ घेतले की प्रमाण विचलन ०.९२. सहा नमुन्यांसाठी कंसातला गुणक ०.९७६. म्हणजे लागणारी सरासरी ९५ + ०.९०, म्हणजे ९५.९०. आपली ९६.०. थर पास आहे, ९४.६ सकट.

आता याच्या शेजारी दुसरा संच मांडून पाहा: ९९.६, ९५.१, ९८.८, ९५.०, ९७.२, ९५.१. यात एकही आकडा ९५ च्या खाली नाही आणि सरासरी ९६.८, म्हणजे आपल्यापेक्षा चांगली. पण प्रमाण विचलन २.०५ आहे. लागणारी सरासरी ९७.०. हा थर नापास. सल्लागाराच्या नियमाने तो डोळे झाकून पास झाला असता. सहाही खड्डे ९५ च्या वर पडले असले, तरी आकडे एवढे विखुरलेले आहेत की न खणलेल्या जागेत बरीच माती ९५ च्या खाली असणार. रोलर एका पट्ट्यात जास्त फिरला, दुसऱ्यात कमी. किंवा टँकरचे पाणी सगळीकडे सारखे मुरले नाही. विखुरणीचे कारण बहुधा या दोहोंत सापडते.

गुणक कुठून आला हेही सांगतो, कारण त्याशिवाय सूत्र डोक्यात राहत नाही. आकडे घंटाकृती वक्राप्रमाणे पसरलेले मानले, तर सरासरीपासून १.६५ प्रमाण विचलने खाली गेल्यावर त्याखाली ५ टक्केच क्षेत्र उरते. म्हणजे संपूर्ण थराची खरी सरासरी ९५ पेक्षा १.६५ विचलनांनी वर असेल, तर ९५ टक्के माती नियमात बसते. पण खरी सरासरी कोणालाच दिसत नाही. दिसते ती सहा खड्ड्यांची, आणि ती खरीच्या थोडी खाली-वर असणार. त्या अनिश्चिततेची सूट म्हणून १.६५ भागिले वर्गमूळ एवढे वजा केले आहे. ही सूट कंत्राटदाराच्या बाजूने आहे: चांगला थर वीसांत साधारण एकदाच चुकून नापास व्हावा, असा तिचा हेतू. उलट, ज्या थराची खरी सरासरी जेमतेम ९५ आहे, म्हणजे अर्धी माती कमी दबलेली आहे, तो सहा चाचण्यांत पास होण्याची शक्यता शंभरात तीनेक.

याच सूत्राचा एक परिणाम मात्र ध्यानात ठेवावा. नमुने कमी घेतले तर गुणक लहान होतो. एकाच खड्ड्यावर तो शून्य, सहावर ०.९७६, दहावर १.१३, वीसवर १.२८. म्हणजे चाचण्या कमी करणे कंत्राटदाराच्या सोयीचे ठरते. म्हणूनच किमान संख्या बांधून दिली आहे: भरावाला दर १००० चौरस मीटरला निदान एक चाचणी आणि संचात सहा, आकडे फार हलत असतील तर दहा. सबग्रेड (रस्त्याच्या थरांखालचा मातीचा सर्वांत वरचा भाग) आणि मातीच्या साइडपट्ट्यांना दर ५०० चौरस मीटरला एक आणि संचात किमान दहा. सबग्रेडला लागणारी दबाईही ९७ टक्के आहे, हे वेगळे सांगायला नको.

प्रमाण विचलनासाठी एक्सेल वापरत असाल तर शेवटी ‘पी’ असलेले फल (फंक्शन) वापरू नका, ‘एस’ असलेले घ्या. पहिले ६ ने भागते, दुसरे ५ ने. काठावरच्या संचात एवढ्याने निकाल फिरतो.

विनिर्देशांत “जागा यादृच्छिक पद्धतीने निवडा” असे आहे. आम्ही डोळ्यांनी अंदाज घेऊन इकडे-तिकडे सहा ठिकाणे घेतो. ते पुरेसे नाही का?
– गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, नाशिक

नाही, आणि या सदरात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही. वरचे सगळे सूत्र एका गृहीतावर उभे आहे: थरातल्या प्रत्येक जागेला खड्डा पडण्याची सारखी संधी होती. डोळा ती संधी कधीच सारखी देत नाही. काही जण गुळगुळीत, ओलसर, घट्ट दिसणारी जागा निवडतात, तर कडक तपासनीस मुद्दाम भेगाळलेली निवडतो. दोघांचीही सरासरी थराची नसते.

पद्धत सोपी आहे. समजा ३०० मीटर लांब आणि २० मीटर रुंद पट्टा, म्हणजे ६००० चौरस मीटर, सहा चाचण्या. लांबीचे ५०-५० मीटरचे सहा भाग पाडा. प्रत्येक भागासाठी शून्य ते एकमधल्या यादृच्छिक संख्यांची एक जोडी काढा. कॅल्क्युलेटरवर ‘रॅन’ बटण असते, फोनवरही चालते. तिसऱ्या भागासाठी ०.३७ आणि ०.८२ आले, तर साखळी (पट्ट्याच्या सुरुवातीपासूनचे अंतर) १०० + ५० × ०.३७ = ११८.५ मीटर, आणि डाव्या कडेपासून २० × ०.८२ = १६.४ मीटर. टेप लावा, चुन्याने फुली मारा, तिथेच खड्डा. भाग पाडल्यामुळे सहाही खड्डे एका टोकाला गोळा होत नाहीत, आणि भागाच्या आत निवड कोणाच्या हातात राहत नाही.

तीन गोष्टी सांभाळा. संख्या रोलर थरावरून उतरल्यानंतरच काढा, आधी काढल्या तर फुल्यांच्या जागी चार फेऱ्या जास्त होतात. फुली मोठ्या दगडावर आली तर काय करायचे ते आधीच ठरवून ठेवा, उदाहरणार्थ साखळीच्या दिशेने एक मीटर पुढे, आणि सरकवल्याची नोंद करा. आणि मोरीच्या भिंतीलगतचा, पुलाच्या अबटमेंटमागचा (टोकाच्या आधारभिंतीमागचा) भराव या संचात मिसळू नका. तिथे मोठा रोलर पोचत नाही, प्लेट कॉम्पॅक्टर किंवा छोटा रोलर चालतो. काम वेगळे, म्हणून संचही वेगळा.

नापास खड्ड्याच्या शेजारी अर्ध्या मीटरवर “पुन्हा एकदा” घेऊन जुना आकडा खोडणे ही सर्वांत घातक सवय आहे. ज्या थरात दहापैकी सातच जागा नियमात बसतात, तिथे दोन संधी दिल्या तर पास होण्याची शक्यता ९१ टक्के होते, तीन दिल्या तर ९७. माती होती तशीच राहते, फक्त कागद बदलतो. कमी आकडा आला तर त्याचे कारण शोधा. मऊ ठिगळ सापडले तर तेवढे उकरा, ओलावा दुरुस्त करा, पुन्हा दाबा. मग सगळ्या पट्ट्यासाठी नव्या संख्या काढून नवा संच घ्या. जुना संच रजिस्टरमध्ये तसाच राहू द्या.

मुरमाच्या भरावात आम्हाला १०३, १०४ टक्के दबाई येते. आकडे एकमेकांच्या अगदी जवळ आहेत, विचलन कमी आहे, सूत्रात सहज बसतात. तरी शंका येते. कुठे चुकत असावे?
– साइट इंजिनिअर, सातारा जिल्हा

शंका रास्त आहे. आकडे एकमेकांच्या जवळ असणे आणि खऱ्याच्या जवळ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सगळे आकडे एकाच बाजूला सरकले असतील तर प्रमाण विचलनाला ते कळायचा मार्गच नाही. ते जागेवर जाऊनच पकडावे लागते. मुरमात तीन ठिकाणे आधी तपासा.

पहिले, दगड. खड्ड्यातून निघालेल्या मुरमात २० मिमी चाळणीवर राहणारे तुकडे असतात. प्रयोगशाळेत एमडीडी (कमाल कोरडी घनता) काढताना लहान साच्यासाठी ते काढून टाकलेले असतात. समजा बारीक भागाची एमडीडी १.९५ ग्रॅम प्रति घनसेमी आली. खड्ड्यातल्या मालात वजनाने २० टक्के दगड, त्याची घनता २.७. मग त्या मिश्रणाची खरी कमाल घनता १ भागिले (०.२० ÷ २.७ + ०.८० ÷ १.९५), म्हणजे २.०६५. जागेवर २.०१ आली असेल तर १.९५ ने भागून १०३ टक्के दिसतात. २.०६५ ने भागले तर ९७.३. म्हणून प्रत्येक खड्ड्याचा माल २० मिमी चाळणीवर चाळा, वरच्या दगडाचे वजन लिहा आणि दुरुस्ती त्या-त्या खड्ड्याला स्वतंत्र लावा. सरासरी टक्केवारी सगळ्यांना लावली तर विखुरणी खोटी होते.

दुसरे, खाण बदलणे. डोंगराच्या एका कडेचा मुरूम पिवळा, दुसऱ्या कडेचा लालसर, आणि रजिस्टरमध्ये मात्र एमडीडी एकच, काम सुरू झाले तेव्हाची. जागेवरची १.९३ ही घनता १.९५ च्या मालाला ९९ टक्के आहे, २.०५ च्या मालाला ९४. मालाचा रंग किंवा पोत बदललेला दिसला की त्याच दिवशी नवा प्रॉक्टर (एमडीडी काढायची प्रयोगशाळेतली चाचणी) लावा. वेळ नसेल तर निदान एका ओलाव्यावरचा साचा ठोकून तो जुन्या वक्रावर बसतो का ते पाहा.

तिसरे, ओलावा. जागेवर कॅल्शियम कार्बाइडचे झटपट मीटर वापरत असाल, तर त्याच्या डायलवरचा आकडा ओल्या वजनाच्या प्रमाणात असतो. आपल्याला हवा कोरड्या वजनाच्या प्रमाणात. डायलवर १२ असेल तर खरा ओलावा १२ ÷ ८८, म्हणजे १३.६ टक्के. हे रूपांतर विसरले की कोरडी घनता दीड टक्क्याने वाढून येते, सगळ्या खड्ड्यांची, दररोज.

वाळूबद्दलही लिहितो. भारतीय मानक आयएस २७२० भाग २८ प्रमाणे वाळू १ मिमी चाळणीतून गेलेली आणि ६०० मायक्रॉनवर राहिलेली हवी, धुतलेली आणि भट्टीत वाळवलेली. लहान सिलिंडरच्या १०० मिमी व्यासाच्या आणि १५० मिमी खोल खड्ड्याचे घनफळ सुमारे ११७८ घनसेमी. वाळूची घनता १.४५ धरली तर २० ग्रॅमची चूक म्हणजे १४ घनसेमी, म्हणजे १.२ टक्के. ही एकटी चूक सोलापूरच्या संचाच्या विचलनापेक्षा मोठी आहे. वाळू दमट असेल तर ती मोकळी बसते, खड्ड्यात कमी वजन जाते आणि दबाई जास्त दिसते. वाळू ओतताना शेजारून व्हायब्रेटरी रोलर गेला तर ती घट्ट बसते, जास्त जाते आणि दबाई कमी दिसते. खड्ड्यातला चमचाभर माल बाहेर सांडला तरी कमीच. पावसाळी हवेत वाळूची घनता रोज सकाळी कॅलिब्रेशनच्या भांड्यात तपासावी. मे महिन्यात काढलेला आकडा जुलैत चालत नाही. कोअर कटरने (मातीत ठोकून नमुना काढायच्या धारदार नळीने) वेळ वाचतो खरा, पण तो बारीक मातीसाठी आहे. मुरमात त्याची धार दगडावर अडते आणि नमुना विस्कटतो.

राज्य महामार्गासाठी दहा ठिकाणची सीबीआर (मातीची भार पेलण्याची ताकद, टक्क्यांत) आली आहे: ४.२, ५.१, ५.६, ६.०, ६.३, ६.८, ७.१, ७.५, ८.४, ९.०. सरासरी ६.६. डिझाइनला “नव्वदावे शतमक” घ्या म्हणतात. ते तर ९ च्या जवळ येते. इतकी मोठी सीबीआर घ्यायची?
– स्थापत्य पदविकाधारक, बुलढाणा

नाही, ५.१ घ्यायची. इथे शब्द उलटा वापरला जातो. रस्त्याच्या डिझाइनमध्ये ९० टक्के शतमक म्हणजे ज्या आकड्याएवढे किंवा त्याहून जास्त मूल्य ९० टक्के नमुन्यांत मिळते तो आकडा. आपल्या यादीत दहांपैकी नऊ मूल्ये ५.१ किंवा त्याहून वर आहेत. एक्सेलमध्ये शतमकाचे फल ०.९ देऊन वापरले की नेमकी ही चूक होते, तिथे ०.१ द्यावे लागते. एक्सेल दोन आकड्यांच्या मधले मूल्यही काढते, त्यामुळे उत्तर दशांशात थोडे वेगळे दिसेल. कमी वाहतुकीच्या इतर रस्त्यांना ८० टक्के चालते, तिथे हाच आकडा ५.६ झाला असता. सरासरी घेतली असती तर साधारण निम्म्या लांबीवर डांबरी थर गरजेपेक्षा पातळ पडला असता.

पण त्याआधी दहाही ठिकाणे एकाच जातीच्या मातीची आहेत का ते पाहा. विदर्भ-मराठवाड्यात एकाच रस्त्यावर काळी माती आणि मुरमाड उंचवटे आलटून पालटून येतात. पाच ठिकाणी २ ते ३ आणि पाच ठिकाणी १२ असेल तर सरासरी सात येते आणि सात सीबीआरची माती त्या रस्त्यावर कुठेच नसते. शतमकही अशा मिश्रणावर लावू नये. तसे करायचे तर सगळ्या रस्त्यावर काळ्या मातीचीच जाडी येईल आणि मुरमावरचा खर्च वाया जाईल. आधी साखळीनुसार आलेख काढा, पातळी कुठे बदलते ते बघा, द्रवसीमा आणि प्लॅस्टिसिटी इंडेक्स (मातीच्या चिकणपणाची मापे) जुळवून पट्टे वेगळे करा. मग प्रत्येक पट्ट्याची सीबीआर स्वतंत्र. पट्ट्यात नमुने कमी पडत असतील तर आणखी घ्या.

बोअरहोलमधले एसपीटीचे (हातोड्याने नळी ठोकून मातीचा घट्टपणा मोजायच्या चाचणीचे) आकडे असे आहेत: ८, ११, ९, ३१, आणि पुढे “५० ठोके, ४ सेंमी”. सॉफ्टवेअर सरासरी मागते. शेवटच्या आकड्याचे ३० सेंमीला ३७५ करून टाकू का?
– स्ट्रक्चरल डिझायनर, पुणे

३७५ कधीही लिहू नका. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंमीवरून पडतो, पहिले १५ सेंमी बसवणीचे सोडून पुढच्या ३० सेंमीचे ठोके म्हणजे एन. जिथे नळी ३० सेंमी गेलीच नाही, तिथे एन मोजला गेलेला नाही. “५० पेक्षा जास्त” एवढेच त्यातून कळते. त्याचे त्रैराशिक मांडले तर सरासरी ८७ येईल आणि वरची आठ-नऊची माती तिच्याखाली गडप होईल. अहवालात “५०/४ सेंमी” असेच ठेवा. एकाच थरातले आकडे असतील आणि त्यांत असा एखादा असेल, तर मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) घ्या. वरचे टोक किती मोठे आहे याने मध्यक हलत नाही.

आपल्या बाबतीत मात्र तोही घेऊ नये. ८, ११, ९ हा एक थर दिसतो, आणि शेवटचा खडक किंवा घट्ट मुरूम. मधला ३१ संशयाचा. तिथे थराची सीमा असेल, किंवा नळीच्या तोंडाशी गोटा आला असेल. दर १५ सेंमीचे ठोके वेगळे पाहा: ६, ८, २३ असे असतील तर शेवटच्या टप्प्यात काहीतरी लागले आहे. स्प्लिट स्पून (ठोकलेली नमुन्याची नळी) उघडल्यावर काय निघाले तेही नोंदवहीत असते, ते वाचा.

अशा आकड्यांत किती चढउतार स्वाभाविक समजायचा, याला मोजपट्टी आहे. प्रमाण विचलन भागिले सरासरी हे गुणोत्तर मातीच्या घनतेसाठी ३ ते ७ टक्के, आतील घर्षणकोनासाठी २ ते १३, अनड्रेन्ड (पाणी निघू न देता मोजलेल्या) कातरबलासाठी १३ ते ४०, आणि एसपीटीसाठी १५ ते ४५ टक्के असते, असे अमेरिकन भूतंत्र अभियंते जे. मायकेल डंकन यांनी २००० साली संकलित केलेल्या तक्त्यात आहे. म्हणजे एन १० च्या थरात ७ आणि १४ दिसले म्हणून दचकू नये. उलट, तीन बोअर घेऊन “९५ टक्के खात्री” लिहिणाऱ्या अहवालाकडे नीट पाहावे. विल्यम गॉसेट यांनी ‘स्टुडंट’ या टोपणनावाने १९०८ मध्ये मांडलेल्या हिशेबाप्रमाणे, एका बाजूच्या ९५ टक्के खात्रीसाठी लागणारा गुणक दहा नमुन्यांना १.८३ असतो, सहांना २.०२ आणि तिघांना थेट २.९२. तीन बोअरवर बांधकामाचा पाया ठरवायचा असेल तर सगळ्या बोअरच्या एकत्र सरासरीचा नाद सोडून, पायाच्या तळापासून रुंदीच्या दीड ते दोन पट खोलीपर्यंतची प्रत्येक बोअरची सरासरी काढावी आणि त्यांतली सर्वांत कमी धरावी, ही मृदायांत्रिकीचे जुने जाणकार टेरझागी आणि पेक यांच्या काळापासून चालत आलेली रीत जास्त भरवशाची.

तृतीय पक्ष तपासणीत एका कामाच्या रजिस्टरमध्ये महिनाभर दबाई ९७.१, ९७.२, ९७.१, ९७.३ अशीच दिसली. हे चांगल्या कामाचे लक्षण मानावे का?
– तपासनीस, नागपूर

मानू नये. वर पाहिले की २० ग्रॅम वाळूच्या चुकीनेच आकडा १.२ टक्क्याने हलतो. माती अगदी एकसारखी असली तरी चाचणीची स्वतःची विखुरणी याच्या आसपास राहणार. अमेरिकेत इलिनॉय राज्यात ओटावाजवळ १९५८ ते १९६० दरम्यान झालेल्या एएएसएचओ (तिथल्या राज्य महामार्ग अधिकाऱ्यांची संघटना) रस्ता प्रयोगात अत्यंत काटेकोर देखरेख होती, तरी मातीकामाचे आकडे पसरलेलेच आले. म्हणून ०.१ चे विचलन महिनाभर टिकले तर ते आकडे जागेवर मोजलेले असण्याची शक्यता फार कमी.

लगेच आरोप मात्र करू नका. आधी मूळ नोंदी मागा: खड्ड्यातील मालाचे ओले वजन, ओतण्याआधी आणि नंतरचे वाळूचे वजन, ओलाव्याच्या डब्यांचे क्रमांक. खरी वजने ग्रॅममध्ये वेडीवाकडी असतात. शेवटचा अंक सतत ० किंवा ५ असेल, तर काटा तितक्या बारीक मोजमापाचा आहे का ते विचारा. त्या दिवशी पाऊस होता का, रोलरच्या लॉगबुकात काम दाखवले आहे का, हे तारखेला तारीख लावून पाहा. मग वर सांगितलेल्या पद्धतीने संख्या काढून स्वतःसमोर दहा खड्डे घ्या, शक्यतो नुकत्याच मंजूर झालेल्या थरावर, पुढचा थर पडण्याआधी. त्या दहांची सरासरी आणि विचलन रजिस्टरमधल्या आकड्यांशेजारी मांडून अहवालाला जोडा, आणि वाळूच्या कॅलिब्रेशनचा त्याच दिवशीचा कागदही सोबत लावा.